डीएपीची गोणी, मातीचं कार्ड आणि एक हरवलेला आकडा

मागच्या खरिपाच्या तोंडावर आप्पांचा फोन आला. आमची परभणी जिल्ह्यात पाच एकर काळी जमीन आहे. मी पुण्यात बसून एका कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणजे शेतीतलं मला किती कळतं हे आप्पांना चांगलं ठाऊक आहे. तरी ते म्हणाले, "दुकानदार डीएपीच्या दोनच गोण्या देतोय, आणि त्यासोबत नको असलेल्या औषधाच्या बाटल्या घ्यायला लावतोय. मातीच्या कार्डावर स्फुरद मध्यम लिहिलाय, आणि खाजगी लॅबच्या कागदावर आकडा त्याच्या डबल आहे. घालायचं का नाही ते बघून सांग."

दोन्ही कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले. कार्डावर उपलब्ध स्फुरद हेक्टरी १६.६ किलो, खाजगी लॅबच्या रिपोर्टवर ३८ किलो. जमीन तीच, मधे दोन वर्षांचं अंतर. मी क्षणभर खूश झालो. आप्पांनी दोन वर्षांत मातीतला स्फुरद दुप्पट केला, आता यंदा डीएपी नाही घातलं तरी चालेल, असं सांगायला फोन उचललाही होता. मग रिपोर्टच्या खालची बारीक अक्षरातली ओळ दिसली आणि मी फोन ठेवून दिला.

ती ओळ काय होती ते पुढे येईलच. पण त्या संध्याकाळपासून मी एक प्रश्न धरून बसलोय: मातीतला स्फुरद मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात? देशात डीएपीसाठी रांगा लागत असताना 'किती घालायचं' हे ज्या आकड्यावरून ठरतं, तो आकडा आपल्याला समजलाय का?

आधी बातमी समजून घेऊ

भारतात वर्षाला साधारण १०० लाख टन डीएपी लागतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास तयार खत म्हणून बाहेरून येतं. जे इथे बनतं, त्याचाही कच्चा माल, म्हणजे रॉक फॉस्फेट आणि फॉस्फोरिक अॅसिड, बराचसा मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल अशा देशांतून येतो. नत्र निदान हवेतून घेता येतं. युरियाच्या कारखान्याला गॅस मिळाला की झालं. स्फुरदाला मात्र खाणच लागते, आणि मोठ्या खाणी मोजक्या देशांकडे आहेत.

चीनने २०२१ पासून स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी खत राखून ठेवायला सुरुवात केली आणि निर्यात वेळोवेळी आवळली. २०२४ च्या शेवटी पुन्हा तेच झालं. जगात भाव चढले. जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाच्या 'मादेन' कंपनीशी करार केला: पाच वर्षं, दरवर्षी ३१ लाख टन डीएपी.

या सगळ्यात गोणीचा भाव मात्र १,३५० रुपयांवर थांबलेला आहे. कारण फरक सरकार भरतं. २०२५-२६ च्या रब्बीसाठी अनुदान ठरलं ते नत्राला किलोमागे ४३.०२ रुपये आणि स्फुरदाला ४७.९६ रुपये. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. गुणाकार करून बघा: टनाला २९,८०५ रुपये, म्हणजे ५० किलोच्या गोणीमागे जवळपास १,४९० रुपये. शेतकरी देतो त्यापेक्षा जास्त पैसे त्याच गोणीसाठी सरकारी तिजोरीतून जातात.

एवढं महाग, एवढं लांबून येणारं खत कोणत्या शेतात किती टाकायचं, हे ठरवायला आपल्याकडे एक साधन आहे: माती परीक्षण. मृदा आरोग्य कार्ड योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला सुरू झाली. कार्डावर १२ गोष्टी असतात, त्यात उपलब्ध स्फुरदाची एक ओळ. पुढचा सगळा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

पहिला घोळ: एकक

आता ती बारीक अक्षरातली ओळ. खाजगी लॅबने आकडा 'पी२ओ५' मध्ये दिला होता. सरकारी कार्डावरचा आकडा नुसत्या 'पी'मध्ये होता.

खताच्या धंद्यात जुन्या रिवाजाप्रमाणे स्फुरद हा पी२ओ५ या ऑक्साइडच्या वजनात मोजतात. गोणीवरचे ४६ टक्के हे त्याचेच. गंमत म्हणजे गोणीत पी२ओ५ नावाचा पदार्थ नसतोच, ती फक्त मोजायची पद्धत आहे. एक किलो स्फुरद म्हणजे २.२९ किलो पी२ओ५. १६.६ ला २.२९ ने गुणा: बरोबर ३८.

म्हणजे दोन वर्षांत काहीच बदललं नव्हतं. दोन लॅबनी तेच सांगितलं होतं, वेगवेगळ्या एककांत. १९९९ मध्ये नासाचं मंगळयान एका टीमने पौंडात आणि दुसरीने न्यूटनात हिशेब केल्यामुळे गेलं, हा किस्सा आम्हाला कॉलेजात सांगितला होता. इथे यान नाही गेलं, पण मी आप्पांचं एक पीक धोक्यात घालणार होतो.

तुमच्याकडे रिपोर्ट असेल तर आधी हे बघा. मध्यम कशाला म्हणायचं याची नेहमीची ढोबळ मर्यादा हेक्टरी १० ते २५ किलो 'पी' अशी आहे. तीच पी२ओ५ मध्ये साधारण २३ ते ५७ किलो होते. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्यात लावला की 'मध्यम'चा 'जास्त' व्हायला वेळ लागत नाही.

मातीत स्फुरद असतो किती?

एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर घ्या. त्या मातीचं वजन हिशेबासाठी २२.४ लाख किलो धरतात. आता तीन आकडे बघू.

पहिला: एकूण स्फुरद. मातीच्या एका किलोत ५०० मिलिग्रॅम धरला (हे काही अवास्तव नाही), तर हेक्टरी १,१२० किलो होतो.

दुसरा: उपलब्ध स्फुरद, म्हणजे कार्डावरचा. आमच्या शेतात १६.६ किलो.

तिसरा: मातीतल्या पाण्यात आत्ता या क्षणी विरघळलेला स्फुरद. मुळं फक्त हाच पिऊ शकतात. मातीत २५ टक्के ओल असेल तर त्या थरात ५ लाख ६० हजार लिटर पाणी आहे. एका लिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम स्फुरद धरू. गुणाकार केला तर हेक्टरभर जमिनीत मिळून ५६ ग्रॅम.

छप्पन ग्रॅम! मी हा हिशेब तीनदा केला. आणि दोन टन सोयाबीनच्या दाण्यांतच १२ किलोच्या आसपास स्फुरद जातो. म्हणजे हंगामात ते ५६ ग्रॅमचं पाणी दोनशेहून जास्त वेळा रिकामं होऊन पुन्हा भरावं लागतं. पिकाला किती स्फुरद मिळणार हे साठ्यावर कमी आणि पुन्हा भरण्याच्या वेगावर जास्त ठरतं.

वर आणखी एक अडचण. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं. स्फुरद जवळपास जागचा हलत नाही. तो पसरत पसरत दिवसाला मिलिमीटरचा काही भाग एवढाच सरकतो. खताच्या दाण्याभोवती थोड्या सेंटिमीटरांत सगळा खेळ संपतो. म्हणूनच फेकून दिलेल्या खतापेक्षा तिफणीने किंवा पेरणी यंत्राने बियाण्याच्या खाली-बाजूला पेरलेलं खत जास्त लागू पडतं.

माती स्फुरदाला धरते कशी?

डीएपीचा दाणा ओलीत विरघळला की फॉस्फेट मोकळं होतं. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत सामू ८ च्या आसपास आणि चुनखडी भरपूर. फॉस्फेट आधी चुनखडीच्या आणि चिकणमातीच्या कणांना पृष्ठभागावर चिकटतं. हे काही तासांत होतं. मग कॅल्शियमबरोबर त्याची संयुगं बनायला लागतात. आधीची संयुगं त्यातल्या त्यात विरघळणारी असतात, पण दिवस-महिने जातील तशी ती जास्त जास्त घट्ट होत जातात.

कोकणातल्या जांभ्याच्या मातीत चुना नाही, माती आंबट आहे. पण तिथे लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं हेच काम करतात. परिणाम सारखा, यंत्रणा वेगळी. म्हणून मोजायची पद्धतही वेगळी लागते.

लॅबमध्ये होतं काय?

काळ्या, चुनखडीच्या मातीसाठी ऑल्सन पद्धत वापरतात. स्टर्लिंग ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी ती १९५४ मध्ये अमेरिकेत मांडली. अडीच ग्रॅम माती घ्यायची, त्यात ५० मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण (खायचा सोडाच, पण सामू ८.५ ला आणलेला) घालायचं, बरोबर ३० मिनिटं हलवायचं आणि गाळायचं. सोड्यामुळे द्रावणातलं कॅल्शियम खाली बसतं, फॉस्फेटची पकड सुटते आणि काही भाग द्रावणात येतो. त्यात मॉलिब्डेट आणि अॅस्कॉर्बिक अॅसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, घातलं की निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका स्फुरद जास्त. तो गडदपणा यंत्र मोजतं.

कोकणातल्या आंबट मातीला ब्रे पद्धत: १९४५ ची, सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि अमोनियम फ्लोराइड. हीच ब्रे पद्धत आमच्या काळ्या मातीला लावली तर चुनखडी ते अॅसिडच मारून टाकते आणि आकडा खोटा कमी येतो. रिपोर्टवर पद्धतीचं नाव नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. 'उपलब्ध स्फुरद' नावाचा कुठला वेगळा डबा मातीत ठेवलेला नसतो. ३० मिनिटांत सोड्याने जेवढा सोडवला, तेवढ्याला आपण 'उपलब्ध' म्हणतो. तीच माती, तोच सोडा, पण ऑस्ट्रेलियातल्या कोलवेल पद्धतीने द्रावण जास्त घेऊन १६ तास हलवलं की आकडा वाढतो. माती बदललेली नसते, आपण विचारलेला प्रश्न बदललेला असतो.

तापमानानेही फरक पडतो. २० ते ३० अंशांच्या दरम्यान दर अंशाला किलोमागे साधारण ०.४ मिलिग्रॅम जास्त स्फुरद सुटतो, हे ऑल्सनच्याच कामात आहे. लॅब पाच अंशांनी जास्त गरम असली तर हेक्टरी साडेचार किलोचा फरक. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पंख्याखाली चालणारी लॅब डोळ्यासमोर आणा, आणि मग १० आणि २५ किलोच्या मर्यादा आठवा.

त्यातून नमुना कुणाच्या शेतातला? कार्ड योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक नमुना घेत होते. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आमच्यासारखी पाच शेतं त्यात बसतात. कार्ड प्रत्येकाला मिळालं, माती प्रत्येकाची गेलीच असं नाही.

इतकं असूनही ऑल्सनचा आकडा टाकाऊ नाही, हेही सांगितलं पाहिजे. सत्तर वर्षं जगभर शेतात प्रयोग करून, कुठल्या आकड्याला खताने उत्पन्न वाढतं आणि कुठल्या आकड्यानंतर वाढत नाही, हे लोकांनी जुळवून बघितलंय. तो एक चांगला निर्देशांक आहे. फक्त त्याला साठा समजायचं नाही.

हरवलेला आकडा

समजा कुणी तुम्हाला सांगितलं, पाण्याचं तापमान ४० अंश आहे, ते ६० वर न्यायचंय, सरपण किती लागेल? तुम्ही लगेच विचाराल, भांडं केवढं? पेलाभर पाणी आहे का लग्नातला हंडा?

कार्डावरचा ऑल्सनचा आकडा हे तापमान आहे. भांडं केवढं आहे हे कार्ड सांगत नाही.

मातीच्या बाबतीत भांड्याचा आकार म्हणजे तिची स्फुरद धरून ठेवायची क्षमता. इंग्रजीत याला बफरिंग म्हणतात. ती मोजायची पद्धत जुनी आणि साधी आहे. मातीचे सारखे सात-आठ नमुने बाटल्यांत घ्यायचे. एका बाटलीत नुसतं द्रावण, दुसरीत थोडा स्फुरद, तिसरीत जास्त, असं चढत जायचं. दिवसभर हलवायचं, गाळायचं आणि द्रावणात किती उरला ते त्याच निळ्या रंगाने मोजायचं. घातला त्यातून उरला वजा केला की मातीने किती धरला ते कळतं. त्याचा आलेख काढला की मातीचा स्वभाव दिसतो: रेघ सरळ वर गेली तर भांडं मोठं, लवकर आडवी झाली तर छोटं.

याने फरक किती पडतो ते एका काल्पनिक उदाहरणात बघू. दोन शेतं, दोन्हीकडे ऑल्सन स्फुरद १२ किलो, दोन्ही 'मध्यम', कार्डावर शिफारस सारखी. दोघांनाही आकडा ५ किलोने वाढवायचाय. समजा पहिल्या, हलक्या मुरमाड शेतात घातलेल्या स्फुरदातला ६० टक्के भाग काही महिन्यांनी ऑल्सनमध्ये दिसतो, आणि दुसऱ्या, भारी चुनखडीच्या शेतात २० टक्केच. पहिल्याला ८ किलो स्फुरद लागेल, म्हणजे डीएपीची एक गोणीसुद्धा नाही. दुसऱ्याला २५ किलो, म्हणजे अडीच गोण्या. एकच शिफारस दोघांना दिली तर एकाचे पैसे जातात, दुसऱ्याचं उत्पन्न.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न व्यवहारी पद्धतीने सोडवलाय. सात-आठ बाटल्यांऐवजी एकच बाटली. मातीत ठरावीक स्फुरद एकदाच घालायचा, रात्रभर हलवायचं, किती उरला ते बघायचं, आणि त्यावरून एक निर्देशांक काढायचा. २००२ मध्ये ही पद्धत मांडली गेली आणि आता तिथल्या लॅब कोलवेलच्या आकड्याशेजारी हा आकडा नेहमी छापतात. शेतकरी दोन्ही एकत्र वाचतो. कोलवेलची मर्यादा तर या निर्देशांकाप्रमाणे बदलते. ऑल्सनची मर्यादा त्या मानाने स्थिर असते, पण आकडा हलवायला खत किती लागेल हे दोन्हीकडे भांड्यावरच अवलंबून आहे.

आपल्याकडे या दिशेने काहीच नाही असं नाही. १९६७ पासून चालू असलेल्या 'एसटीसीआर' प्रकल्पात कृषी विद्यापीठांनी पीक आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे सूत्रं बसवलीत: अपेक्षित उत्पन्न आणि माती परीक्षणाचा आकडा घाला, खताची मात्रा मिळवा. ज्या जमिनीवर सूत्र बसवलं, तिचं भांडं त्या सूत्रात आपोआप येतं. पण तुमची जमीन तशीच आहे का, हे तपासायला कार्डावर काही नाही. त्या १२ ओळींत मुक्त चुनखडीसुद्धा नाही.

आणि इंजिनिअर म्हणून मला हेच सगळ्यात खटकतं. ऑल्सनचा आकडा दर हंगामाला हलतो, तो आपण पुन्हा पुन्हा मोजतो. भांड्याचा आकार चिकणमाती, चुना, लोह यांवर ठरतो, तो फार सावकाश बदलतो. एकदा मोजला तर अनेक वर्षं चालेल. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, तिच्याकडे जमिनीच्या प्रकारांचे नकाशे आहेत. प्रत्येक प्रकारातून नमुने घेऊन हा आकडा काढला आणि कार्डाच्या डेटाबेसला जोडला, तर सॉफ्टवेअरच्या भाषेत ते एका टेबलाला एक कॉलम वाढवण्याइतकं काम आहे. गोणीमागे १,४९० रुपये देणाऱ्या व्यवस्थेला हा खर्च जड नाही.

'८० टक्के खत वाया जातं' हे खरं का?

डीएपीच्या चर्चेत हे वाक्य हमखास येतं. हा आकडाही मोजण्यातूनच आलाय, आणि तो कसा मोजला ते बघण्यासारखं आहे.

खतातला स्फुरद आणि मातीतला जुना स्फुरद ओळखायचा कसा? खुणेचा स्फुरद वापरून. नत्राचं एक जड, न किरणारं रूप आहे, ते सोयीने वापरता येतं. स्फुरदाचं निसर्गात स्थिर रूप एकच आहे, स्फुरद-३१. त्यामुळे किरणोत्सारी स्फुरद-३२ वापरावा लागतो. तो १४.३ दिवसांत अर्धा होतो. शंभर दिवसांच्या सोयाबीनमध्ये सात वेळा अर्धा, म्हणजे काढणीपर्यंत एक टक्कासुद्धा उरत नाही. स्फुरद-३३ थोडा टिकतो, २५ दिवस. अशा प्रयोगांत दिसतं की पिकाने पहिल्या हंगामात घेतलेला खताचा वाटा साधारण १० ते २५ टक्के असतो.

मग उरलेला वाया गेला? इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला एक जुनं प्रयोगक्षेत्र आहे. तिथे १८५६ ते १९०१ खत घातलं आणि मग स्फुरद देणं बंद केलं. अनेक दशकांनंतरही त्या जुन्या खताच्या वाफ्यांत पीक शेजारच्या कोऱ्या वाफ्यांपेक्षा चांगलं येत होतं. २००८ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने अशा दीर्घ प्रयोगांचा आढावा छापला. बऱ्याच वर्षांचा हिशेब एकत्र धरला, पिकाने उचललेला भागिले घातलेला, तर वापर ९० टक्क्यांपर्यंतही जातो, असं त्यात मांडलं होतं.

एकच शेत, एका मापाने १५ टक्के, दुसऱ्याने ९०. दोन्ही बरोबर. पहिलं माप एका हंगामाचं, दुसरं पिढीचं. मातीने धरलेला स्फुरद बहुतांशी हळूहळू परत मिळतो. प्रश्न वेगाचा आहे, आणि उसनवारीवर पेरणी करणाऱ्याला पिढीच्या हिशेबाने चालत नाही, हेही खरंच. धूप होऊन वरची माती ओढ्याला गेली, तर मात्र तो कायमचा गेला.

सेन्सरने होईल का?

या साइटवर आलेल्यांच्या मनात हा प्रश्न असणारच. ऑनलाइन तीन-चार हजारांत 'एनपीके सेन्सर' मिळतो. मातीत खुपसला की मोबाइलवर नत्र, स्फुरद, पालाश. मीही मागवला. कुंडीत खुपसला, आकडा आला. मग कुंडीत चिमूटभर मीठ विरघळवलं. स्फुरद वाढला!

मिठात स्फुरद नसतो. ते यंत्र मोजतं मातीची विद्युतवाहकता, आणि त्यावरून तीन आकडे बनवून दाखवतं. मघाचा ५६ ग्रॅमचा हिशेब आठवा. मातीतल्या बाकीच्या क्षारांच्या गर्दीत एवढासा फॉस्फेट विजेला दिसूच शकत नाही.

इन्फ्रारेड स्कॅनिंगचा दावा जास्त गंभीर आहे. सेंद्रिय कर्ब आणि चिकणमाती त्यात खरंच चांगली कळते. उपलब्ध स्फुरदाची मात्र त्यात स्वतःची ठळक खूण नसते, म्हणून अंदाज कच्चे येतात. पण भांड्याचा आकार चिकणमाती आणि चुन्यावर ठरतो, आणि ते स्कॅनिंगला दिसतं. म्हणजे स्कॅनिंगचा उपयोग त्या हरवलेल्या आकड्यासाठी होऊ शकतो. मला यात जास्त शक्यता दिसते.

आणखी एक हुशार पद्धत म्हणजे डीजीटी. लोहाच्या ऑक्साइडचा जेल असलेली छोटी चकती ओल्या मातीवर ठेवायची. ती मुळासारखी स्फुरद ओढत राहते, आणि माती तो किती वेगाने पुरवते ते कळतं. म्हणजे थेट वेगाचं माप. सध्या ती संशोधनाच्या लॅबमध्येच जास्त आहे.

आप्पांना काय सांगितलं?

मी आप्पांना स्पष्ट सांगितलं की तुमचा आकडा वाढलेला नाही, १६.६ च आहे. जमीन चुनखडीची आहे, एकदम बंद करू नका. पण डीएपीसाठी दुकानदाराच्या बाटल्याही घेऊ नका. डीएपीच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो पी२ओ५ असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत २४ किलो, आणि युरियाची अर्धी गोणी घातली की नत्र १० किलोच्या वर. शिवाय सुपर फॉस्फेटमध्ये गंधक येतं, ते सोयाबीनला लागतंच. आप्पा म्हणाले, "हे कृषी सहायक पण सांगत होता. तू दोन तास काय बघत होतास?"

दुसरी गोष्ट मात्र त्यांना पटली. शेताच्या मधोमध चार तासांचा एक पट्टा स्फुरदाशिवाय ठेवायचा, बाकी सगळं सारखं. काढणीला त्या पट्ट्याचं आणि शेजारच्या तेवढ्याच पट्ट्याचं वजन वेगळं करायचं. सोडा, निळा रंग, निर्देशांक हे सगळं शेवटी ज्याचा अंदाज बांधतं, ते थेट मोजायची ही पद्धत आहे. तिला ना लॅब लागते ना नेट.

पट्टा ठेवला. ऑगस्टपर्यंत दोन्हीकडे फार फरक दिसत नव्हता, असं आप्पा म्हणायचे. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं अर्धं सोयाबीन पाण्यात बसलं, त्यात तो पट्टाही गेला. वजन करण्यासारखं काही उरलं नाही.

रब्बीत हरभरा पेरताना मी विषय काढला नव्हता. आप्पांनीच फोन करून सांगितलं, "चार तास सोडलेत बरं का यंदा पण. खुंट्या ठोकून ठेवल्यात, काढणीला वजन करू. आणि तुझ्या त्या लॅबवाल्यांना विचार, भांड्याचा आकडा कोण काढून देतं."

मी तीन लॅबना फोन केला. तिघांनीही विचारलं, "कसला आकडा?"